उकंडरावांची डबल बेल

एसटीत कंडक्टरनं गाडी थांबवायला एकदाच घंटी मारली की अजूनही माझा हात समोरच्या दांड्याकडे जातो, आणि निघायला दोनदा मारली की सुटतो. शेजारच्या सीटवरच्या माणसाला याचा पत्ता लागायचं कारण नाही. ही खोड मला उकंडरावांनी लावली. ते गेले, खोड राहिली.

मी चिचखेडीच्या शाळेत नवी लागले तेव्हा यवतमाळहून रोज सकाळच्या गाडीनं जायची. लोहारा, मग बोरी अरब, आणि तिथून आत फुटणारा खडबडीत रस्ता. हा रस्ता जिथं संपायचा तिथं तलावाची पाळ होती. गाडी पाळीवर थांबायची आणि तिथंच वळायची. पाळीच्या खाली चिचखेडी, वर माळावर बंजाऱ्यांचा तांडा, आणि तलावाच्या डोक्यावर साग, मोह, पळसाचा डोंगर. गाव आणि तांडा यांच्यात सामाईक म्हणावं असं तीन गोष्टींखेरीज काही नव्हतं: तलाव, डोंगर आणि एसटी.

गाडीचे कंडक्टर उकंडराव. उंच, काटकुळे, खाकीला अशी कडक इस्त्री की बसताना कापडाचा आवाज यावा. केसांना चमेलीचं तेल. हातात तिकिटं टोचायचा पंच सतत कटकट करत असायचा. पुढं मशिनी आल्या, तिकिटं छापून यायला लागली, तरी तो पंच खिशातून गेला नाही. विचार करायचा असला की उकंडराव पंच काढत, आणि टोचायला तिकीट नाही म्हणून जे पान हाताला लागेल ते टोचत. त्यांची वाट शोधायची तर पळसाची भोकं पडलेली पानं बघत जावं.

माणूस मोठा गोड बोलणारा आणि महा उपद्‌व्यापी. लग्नं जुळवणं हा त्यांचा खरा धंदा, कंडक्टरकी जोडधंदा. कुणाच्या घरी मुलगी आहे, कुणाचा मुलगा कशात नापास झाला, कोणती विहीण हातची सैल आणि कोणती चिकट, सगळं त्यांना ठाऊक. बोरीपासून पाळीपर्यंतचं अंतर त्यांना एक स्थळ पक्कं करायला पुरायचं. एकदा माझ्याच शेजारी त्यांनी एक गोरागोमटा तरुण आणून बसवला आणि तिकीट फाडता फाडता म्हणाले, "हे ढाणकीचे. घरची अडत हाय. तुम्ही शिकवता, हे कमावते. बोला आता."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. तो बिचारा बोरीलाच उतरून गेला. मी नंतर कितीतरी दिवस उकंडरावांशी बोलले नाही. त्यांना त्याचं काही नव्हतं. "नाई पटलं? बरं," म्हणाले. "गाडी पुढे चालते." आणि टण टण.

मग ती दुपार आली. उन्हाळा होता, तलावाचं पाणी आत सरकलं होतं. तांड्याच्या म्हशी पाण्यात उतरल्या आणि गावातल्या भोयांच्या जाळ्यात अडकल्या. जाळं फाटलं, एक म्हैस लंगडी झाली. एरवी शिव्यांवर निभावलं असतं. पण ऊन वाईट होतं, आणि दोन्हीकडे शिव्यांवर न थांबणारी माणसं होती. आमची गाडी पाळीवर चढली तेव्हा दोन्ही अंगांनी दगड सुरू झाले होते. ड्रायव्हर गाडी वळवून पळवणार, तेवढ्यात दारात उभी असलेली तांड्यातली एक म्हातारी ओरडली, "माहा नातू घरी एकला हाय, मले उतरू द्या!" उकंडरावांनी घंटी मारली. एकदाच. गाडी थांबली. म्हातारी उतरली, आणि काचा फुटल्या. मी सीटखाली होते. वर आले तेव्हा उकंडराव दांडा धरून उभे होते, डाव्या कानातून रक्त मानेवर ओघळत होतं आणि खाकीची इस्त्री पहिल्यांदाच मोडलेली होती. ड्रायव्हरनं घंटीची वाट न पाहता गाडी हाणली ती थेट बोरीला.

त्या कानानं ते पुढं कायमचे बहिरे झाले. दगड कुणाचा, याचा वाद कोर्टात गेला. गाव म्हणे तांड्याचा, तांडा म्हणे गावाचा. पोलिसांनी उकंडरावांना विचारलं, "दगड कुठून आला?"

"गाडीच्या बाहीरून," ते म्हणाले. तेवढ्यावरच सही केली.

गाडी बंद झाली. दगडफेकीच्या रस्त्यावर डेपो गाडी सोडत नाही, यात डेपोचं चुकलं असंही म्हणवत नाही. मी स्कूटीवर यायला लागले आणि येता-जाता डोंगर बघायला लागले. भांडण होतं पाण्याचं, मेला डोंगर. तांडा तोडून नेईल म्हणून आधी गावानं तोडायचं, गाव नेईल म्हणून आधी तांड्यानं. गरज कुणालाच एवढी नव्हती. तोडलेली लाकडं कित्येकांच्या अंगणात नुसती वाळवी लागून पडलेली मी पाहिली आहेत. डोंगर उघडा पडला, माती तलावात उतरली, आणि तलावात बेशरमीची झाडं माजली. हे झाड कुठंही, कशातही उगवतं, म्हणून त्याचं नाव असं. मला तर ते नाव त्या दिवसांत झाडापेक्षा माणसांना जास्त शोभेल असं वाटायचं. शेवटी एका उन्हाळ्यात तलाव पार कोरडा पडला. असं आधी कुणाला आठवत नव्हतं. भोयांची जाळी खुंट्यांवर, तांड्याच्या म्हशी बाजारात.

त्याच सुमारास एका सकाळी पाळीवर एक जुनी लुना फटफटत आली. वर उकंडराव. निवृत्त झाले होते, पण खाकी पँट तीच, इस्त्रीही तीच.

"काका, इकडे कुठं?" मी विचारलं.

"म्या त्या गाडीले सिंगल मारली, बाई," ते कोरड्या तलावाकडे बघत म्हणाले. "डबल बाकी हाय. सिंगल मारून गाडी कोन सोडून देते का?"

मला वाटलं, म्हातारा चार दिवस येईल आणि दमेल. ते दमले नाहीत, आम्हाला दमवलं. बोरीहून लुना रोज यायची. एक दिवस गावात, एक दिवस तांड्यात. कुणी समोरच्यांची उणीदुणी काढायला लागलं की उकंडराव हळूच मान वळवून त्याच्याकडे डावा कान करत. माणूस बोलून बोलून थकला की उजवा कान करत आणि म्हणत, "हां, आता कामाचं सांग." ज्या दगडानं कान घेतला, त्या दगडाचा असा वापर मी दुसऱ्या कुणाकडून पाहिला नाही.

त्यांचं म्हणणं असं की गाव आणि तांडा या दोघांनाच हा डोंगर सावरणार नाही. डोंगर वनखात्याचा, तेव्हा साहेब पाहिजे. गाळ काढायला मशीन पाहिजे, ती लोहाऱ्याच्या एका कारखान्याकडे होती आणि समाजासाठी काही करायचं त्यांच्या मनातही होतं. मग हे गृहस्थ कारखान्याच्या फाटकावर जाऊन बसले. वॉचमनच्या भाचीचं लग्न जमवून दिल्यावर आत प्रवेश मिळाला. वनखात्याचे साहेब मुंबईकडचे, तरुण, कामाचे. ते मात्र एका बोलावण्यावर तयार झाले.

पहिली बैठक पाळीवरच्या चिंचेखाली. गावाचे शंकर पाटील एका टोकाला, तांड्याचे हरसिंग नाईक दुसऱ्या टोकाला. मधे इतकी जागा की आमची एसटी आरामात वळली असती. कारखान्याचे मॅनेजर मोठ्या तयारीनं आले होते. माणूस मनानं चांगला, पण भाषा ऑफिसातली. ते उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "आजपासून या तलावात आम्ही तुमचे भागीदार आहोत!"

टाळ्यांची वाट पाहत ते थांबले. टाळी एक नाही. पाटील उठले.

"भागीदार म्हंजे? सातबाऱ्यावर नाव चढवाचं हाय का?"

मॅनेजरांना काही उमगेना. ते आणखी समजावायला गेले, "नाही नाही, समान भागीदारी..." आणि आगीत तेल पडलं. आमच्याकडे भागीदार म्हणजे भावकीतला तो माणूस, जो आज बांधावर बसून गोड बोलतो आणि उद्या वाटणीचा दावा लावतो. समान म्हटल्यावर तर संपलंच. तिकडून हरसिंग नाईक गरजले, "आमचा तलाव कारखान्याले वाटून देऊन राह्यले काय? पाटील, तुम्ही हो म्हणू नका!"

"म्या कायले हो म्हनू? नाईक, तुम्ही सही करू नका!"

बोलता बोलता दोघंही उठून एका बाजूला आले होते. साहेब घामाघूम, मॅनेजर पांढरे फटक. मी उकंडरावांकडे पाहिलं, तर ते शांतपणे चिंचेच्या पाल्याला भोकं पाडत होते.

"काका, बैठक मोडली ना," मी कुजबुजले.

"मोडली? अवं बाई, त्या दुपारपासून हे दोघं एकमेकांशी बोलले नवते. पाहा ना, आता कसे नाव घेऊन बोलून राह्यले."

मग ते उठले, आणि कोणत्याही गर्दीत वापरायचा तो आवाज लावला. "चला, सरका, मधी जागा हाय!" लोक सवयीनं सरकले. एवढ्या वर्षांची सवय, जाते कुठं.

"मॅनेजर साहेबाचा शबद चुकला," ते म्हणाले. "भागीदारी नाई. ही सोयरीक हाय. सोयरिकीत कोनी कोनाच्या वावरात हिस्सा मांगते का? नाई. पन सुखादुखाले यावंच लागते. मानपान पाहावाच लागते. आन् रुसलं तं समजूत काढावी लागते. तलाव आपली पोरगी. गाव आन् तांडा, दोघं इवाई."

"आणि आम्ही?" दोघं व्याही ठरलेले बघून मॅनेजरांनी भीत भीत विचारलं.

"तुम्ही मामा. आंदन द्याचं, मान घ्याचा, पन घरात कारभार नाई कराचा."

"मग मी कोण?" वनखात्याच्या साहेबांना गंमत वाटायला लागली होती.

"तुम्ही भटजी. तुमच्याबिगर काहीच लागत नाई, आन् तुमच्यासाठीच सारे खोळंबते."

तलावावर तेव्हा पहिल्यांदा हशा पिकला. साहेबही हसले. उकंडरावांनी खिशातून सुपारी काढली. सुपारी म्हटल्यावर मॅनेजर जरा दचकले, त्यांचा या शब्दाशी संबंध फक्त गुन्ह्याच्या बातम्यांतून आला असावा. आमच्याकडे चार माणसांत सुपारी फुटली की सोयरीक झाली, आणि मग शब्द फिरवणाऱ्याच्या घरी पुन्हा कुणी पाहुणा जात नाही. अडकित्ता पाटलांच्या हातात, सुपारी नाईकांच्या. फुटली.

सुपारी फुटली म्हणून मनं लगेच सांधत नसतात. मशीन आली, गाळ निघाला, दोन्हीकडच्या वावरांत पडला, इथवर छान. डोंगरावर चर खणले, रोपं लागली, आणि ती बकऱ्यांनी खाल्ली. गाव म्हणे तांड्याच्या बकऱ्या, तांडा म्हणे गावाच्या. खरं तर दोन्हीकडच्या होत्या, बकऱ्यांत कधी भांडण नव्हतंच. पुन्हा आवाज चढले. उकंडरावांनी राखणीचा नियम काढला: डोंगरावर जोडी जाईल, एक गावचा, एक तांड्याचा. आणि दोघांत डबा एकच. एक दिवस गावातून, एक दिवस तांड्यातून.

"हे काहून?" पाटील चिडले. "ज्याचा त्यानं आनावा."

"मंग दोघं दोन दगडांवर बसून खातीन. एकाची पाठ इकडं, दुसऱ्याची तिकडं. आन् मधातून बकऱ्या जातीन."

पहिले काही दिवस माणसं उपाशी परत आली. गावच्या माणसानं तांड्याच्या बाजरीच्या भाकरीला हात लावला नाही, तांड्याच्या माणसानं गावच्या भाजीला. बायका दोन्हीकडे कावल्या, भरलेला डबा परत येणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटला. मला वाटलं, म्हाताऱ्यानं अती ताणलं. मी तसं बोललेही. "राहू द्या उपाशी," उकंडराव म्हणाले. "भूक कोनत्याच गावची नसते." आणि नियम तसूभर सैल केला नाही. त्यांच्या अशा वेळच्या हट्टाचा मला मनस्वी राग यायचा. त्याच हट्टावर माझा जीवही जडला होता, हे आता लिहायला हरकत नाही.

मग एके दिवशी डबा रिकामा आला. दुसऱ्या दिवशीही. आणि त्यानंतर लगेच भांडण आलं, पण ते कसलं, तर गावचा राखणदार तांड्यात जाऊन नाईकांच्या बायकोला सांगून आला की लसणाच्या चटणीत मीठ जास्त पडतं. ती माउली फणकारली, "तुह्या बायकोले म्हनावं, वरनात आधी तिखट टाक!" उकंडरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी पंचाची अशी कटकट लावली की आनंदानं हात थांबेना. "झाली," म्हणाले. "आता खरी सोयरीक झाली."

बकऱ्यांनी रोपांकडे पुन्हा बघितलं नाही, कारण बघायला डोंगरावर दोन पोट भरलेली माणसं होती.

पुढचा रुसवा मामांनी ओढवला. कारखान्यानं पाळीवर एक भलामोठा फलक ठोकला. वर कारखान्याचं नाव माणसाएवढ्या अक्षरांत, खाली चिचखेडी, आणि तांड्याचं नाव राहूनच गेलं. हरसिंग नाईकांनी त्याच दुपारी आपली माणसं डोंगरावरून उतरवली. नवे चर अर्धे, पावसाळा तोंडावर. एक पाऊस तसाच पडला असता तर सगळी माती पुन्हा तलावात.

उकंडराव नाईकांच्या ओट्यावर जाऊन बसले. चहा आला, घेतला नाही. पाणी आलं, घेतलं नाही. मी शाळा सुटल्यावर गेले तेव्हा तसेच बसलेले, चेहरा उन्हानं काळवंडलेला. मधुमेह होता त्यांना. मी घाबरले.

"फलक काढा, मंग येतो," नाईक म्हणाले.

"काढला तं मामा रुसते. मंग मशीन जाते."

"मंग काय कराचं?"

"उलटा करू. नाव तलावाकडं. मासे वाचतीन."

नाईकांनी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. मिशीखालून ते सुटलंच. मॅनेजर मात्र दुसऱ्या दिवशी तणतणत आले, वरिष्ठांना फोटो पाठवायचा होता त्यांना. उकंडराव त्यांना म्हणाले, "साहेब, पत्रिकेत मामाचं नाव बारीकच असते. पन मामा नसला तं पोरगी मांडवात येत नाई. हे साऱ्याले मालूम हाय, लिहावं नाई लागत." मॅनेजरांनी फोटोचा नाद सोडला. फलक उलटा झाला. रस्त्याच्या बाजूला कोरा पत्रा राहिला, त्यावर माझ्या शाळेतल्या मुलांनी मासे, म्हशी आणि एक लाल एसटी काढली. एसटी अजून बंद होती तरी.

तलाव भरला. बेशरम उपटून काढली, पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकलं, भोई पुन्हा पाण्यात उतरले, आणि म्हशींसाठी वेगळा घाट ठरला. कोर्टातला खटला आपसात मिटला. डेपोत उकंडराव आधीपासूनच खेटे घालत होते. शेवटी प्रायोगिक तत्त्वावर का होईना, गाडी मंजूर झाली.

ती आली त्या सकाळी पाळीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. गाडीला तोरण, ड्रायव्हरला हार. कंडक्टर एक तरुण मुलगी होती, तिला उकंडरावांची गोष्ट डेपोत कळली होती. ती दोरीवरून हात काढून म्हणाली, "काका, या. डबल तुम्हीच मारा."

याच क्षणासाठी हा माणूस झिजला होता. उकंडराव पायरीपर्यंत आले, आणि थांबले.

"सिंगल माही होती," ते म्हणाले. "डबल माही नाई. पाटील, या. नाईक, तुम्ही पन. एकेक मारा."

दोघं चढले. पाटलांनी दोरी ओढली. टण. मग त्यांनी दोरी नाईकांकडे दिली, नाईकांनी धोतर सावरलं, खाकरले, आणि ओढली. टण. दोन घंट्यांत इतकं अंतर पडलं की ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, "अहो, दोनदा थांबू का?"

"जोडून मारा!" खालून उकंडराव ओरडले. "मधात जागा सोडू नका!"

मग दोघांनी दोरीवर हात ठेवले. टण टण. गाडी हलली, सगळे ओरडले, मुलं खिडक्यांना लोंबकळली. मीही आत होते, बोरीपर्यंत जायचं ठरलं होतं सगळ्यांचं. मी उकंडरावांना हाका मारत होते, "काका, चढा की!"

त्यांनी ऐकलं नाही. माझ्याकडे डावा कान होता. ते डोंगराकडे बघत होते, आणि मग मलाही लक्षात आलं. गाव सगळं गाडीत, तांडा सगळा गाडीत, आणि त्या दिवशीचे दोन्ही राखणदार ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर हार घालून बसलेले.

गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून ते मला दिसले. चिंचेखाली विसरलेला डबा त्यांनी उचलला होता आणि डोंगराची वाट धरली होती. कडक खाकी, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं वाटेवरचं एक पळसाचं पान तोडत. माझी बदली झाली ती त्याच आठवड्यात, आणि मी त्यांना पाहिलं ते शेवटचंच.